श्रीज्ञानेश्वर महाराज : चरित्र आणि कुंडलिनी-प्राणविचार

महाराष्ट्रातील संतमालिकेत श्रीज्ञानेश्वर महाराजांचे स्थान अग्रगण्य आहे. वारकरी संप्रदाय त्यांना माउली म्हणून ओळखतो, तर नाथ संप्रदाय त्यांना आपल्या परंपरेतील थोर सिद्धयोगी मानतो. अवघ्या एकवीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी भक्ती, ज्ञान आणि योग या तिन्ही मार्गांचा जो समन्वय घडविला, त्याला तोड नाही. त्यांच्या भक्तीविषयी व ज्ञानाविषयी भाविकांना पुष्कळ माहिती असते. कुंडलिनी आणि प्राण यांच्या परस्परसंबंधाविषयी त्यांनी जे विवेचन केले, ते मात्र अनेकांना अपरिचित असते. यात्रेस येणाऱ्या भाविकांना महाराजांच्या चरित्राबरोबरच या विषयाचाही परिचय व्हावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

जन्म व कुळ

महाराजांचे मूळ घराणे गोदावरीच्या तीरावरील आपेगावचे. हे गाव पैठणजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. घराण्याकडे कुलकर्णीपण होते. पितामह गोविंदपंत व पितामही निराबाई हे दांपत्य धर्मपरायण होते आणि त्यांच्यावर नाथपंथीय श्रीगहिनीनाथांचा अनुग्रह होता, असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र विठ्ठलपंत हे लहानपणापासून विरक्त वृत्तीचे होते. आळंदीचे कुलकर्णी सिधोपंत यांची कन्या रुक्मिणी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तथापि संसारात मन न रमल्याने त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू तीर्थयात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता त्यांना सर्व हकीकत समजली. त्यांनी विठ्ठलपंतांना पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली.

गुरूंची आज्ञा शिरोधार्य मानून विठ्ठलपंत आळंदीस परतले. त्यांना चार अपत्ये झाली. निवृत्तिनाथ शके ११९५ (इ.स. १२७३), ज्ञानदेव शके ११९७ (इ.स. १२७५), सोपानदेव शके ११९९ (इ.स. १२७७) आणि मुक्ताबाई शके १२०१ (इ.स. १२७९) असा जन्मक्रम सर्वसाधारणपणे मानला जातो. ज्ञानदेवांचा जन्म श्रावण वद्य अष्टमीस, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या पुरुषाची मुले म्हणून समाजाने या चौघांना आणि त्यांच्या मातापित्यांना वाळीत टाकले. मुंजीचा अधिकार नाही, वेदाध्ययनाचा अधिकार नाही, गावात कोणाच्या घरी पाणी पिण्याचीही सोय नाही, अशा स्थितीत या भावंडांचे बालपण गेले.

त्र्यंबकेश्वर आणि नाथपरंपरेचा अनुग्रह

विठ्ठलपंत सहकुटुंब त्र्यंबकेश्वरी गेले व ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करू लागले. एके रात्री वाघाची चाहूल लागल्याने सर्वांची पांगापांग झाली आणि बाल निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरले. तेथे श्रीगहिनीनाथ तपाचरण करीत होते. त्यांनी निवृत्तींना अनुग्रह दिला. निवृत्तिनाथांनी तोच बोध धाकट्या ज्ञानदेवांना दिला. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव अशी ही परंपरा आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस महाराजांनी ती स्वतः सांगितली आहे.

कुंडलिनी आणि प्राण यांचा विचार महाराजांकडे आला तो या परंपरेतून. नाथपंथात हे ज्ञान गुरूने शिष्याच्या कानी सांगावे आणि शिष्याने ते जिवापाड जपावे, अशी रीत होती. ज्या बालकांना वेदपठणाचा अधिकार समाजाने नाकारला, त्यांच्याकडे हे गुप्त धन गुरुकृपेने चालून आले.

मातापित्यांचा देहत्याग आणि पैठणचा प्रवास

मुलांच्या मुंजी व्हाव्यात म्हणून विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदाकडे प्रायश्चित्त मागितले. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज अन्य मार्ग नाही, असा निर्णय मिळाला. मुलांच्या कल्याणासाठी विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई या दोघांनी प्रयाग येथे जलात देह अर्पण केला. चार अनाथ भावंडे शुद्धिपत्र मिळविण्यासाठी चालत पैठणास गेली.

पैठण हे त्या काळी विद्येचे मोठे पीठ होते. तेथील विद्वानांपुढे सर्व भूतमात्रांत एकच आत्मा नांदतो, असे ज्ञानदेवांनी सांगितले. रस्त्याने जाणाऱ्या रेड्यातही तोच आत्मा आहे काय, असा प्रश्न कोणी थट्टेने केला. तेव्हा महाराजांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याच्या मुखातून वेदमंत्र उमटले, अशी कथा आहे. या कथेकडे भाविक चमत्कार म्हणून पाहतात. तिचे मर्म असे की, ज्या चैतन्याने विद्वानाची वाणी चालते त्याच चैतन्याने मुक्या जनावराचा श्वासही चालतो. कुंडलिनीविषयी महाराजांनी पुढे जे सांगितले, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

नेवासे येथे ज्ञानेश्वरीची रचना

पैठणहून परतताना भावंडे प्रवरा नदीच्या तीरावरील नेवासे येथे आली. आज हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तेथे एक स्त्री पतीच्या निश्चेष्ट देहाजवळ शोक करीत बसली होती. महाराजांच्या कृपेने त्या पुरुषाचे प्राण परत आले आणि तेच सच्चिदानंदबाबा म्हणून महाराजांचे लेखक झाले, असे परंपरेत सांगितले जाते. महाराज ज्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगत असत, तो पैस खांब नेवासे येथे आजही दर्शनास उपलब्ध आहे.

शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये भावार्थदीपिका, म्हणजेच ज्ञानेश्वरी, पूर्ण झाली. त्या वेळी देवगिरीच्या यादवांपैकी रामदेवरावाचे राज्य होते व तसा उल्लेख ग्रंथात आहे. सुमारे ९,००० ओव्यांचा हा ग्रंथ रचताना महाराजांचे वय पंधरा वर्षांचे होते. पुढे शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती पाहून ग्रंथाची पाठशुद्धी केली.

सहाव्या अध्यायातील कुंडलिनी आणि प्राण

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे वर्णन आहे. एकांतात, शुद्ध जागी, ना उंच ना सखल असे आसन मांडून, देह, मस्तक व मान सरळ ठेवून मन एकाग्र करावे, असे भगवंत अर्जुनास सांगतात. मूळ गीतेत कुंडलिनी हा शब्द कोठेही नाही. महाराजांनी या मोजक्या श्लोकांच्या निमित्ताने नाथपरंपरेचा संपूर्ण पंथराज, म्हणजे योगाचा राजमार्ग, शंभराहून अधिक ओव्यांत मराठीत उलगडला. हठयोगप्रदीपिका हा योगावरील प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ पंधराव्या शतकातील मानला जातो. त्याच्या आधीच महाराजांनी हा विषय लोकभाषेत मांडला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

विषय समजण्यासाठी दोन शब्द प्रथम पाहू. प्राण म्हणजे केवळ नाकातून येणारा-जाणारा वारा नव्हे. देहाला चालविणारी जी जीवनशक्ती, तिला योगशास्त्र प्राण म्हणते. कार्यभेदाने तिचे प्राण, अपान, समान, उदान व व्यान असे पाच प्रकार मानले आहेत. त्यांपैकी प्राणाचे स्थान हृदयाकडे व अपानाचे देहाच्या खालच्या भागात. सामान्य माणसात हे दोन वायू विरुद्ध दिशांना ओढ घेतात. कुंडलिनी ही नाभीच्या खाली, आधारचक्राच्या ठायी साडेतीन वेढे घालून, अधोमुख निजलेली शक्ती होय. महाराजांनी तिला कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलाची उपमा दिली आहे.

महाराज जो क्रम सांगतात तो थोडक्यात असा. साधक आसन स्थिर करून मूळबंध घालतो. महाराज या आसनास वज्रासन म्हणतात. त्यामुळे अपान वायूची खाली जाण्याची वाट बंद होते व तो उलटून वर वळतो. हनुवटी कंठाशी टेकून जालंधर बंध आणि पोट आत ओढून उड्डियान बंध साधला जातो. वर-खाली दोन्हीकडून कोंडलेला अपान देहाच्या मध्यभागी खळबळ माजवितो आणि आसनाची उष्णता वाढत जाते. या उष्णतेने निजलेली कुंडलिनी जागी होते. म्हणजे आरंभी प्राणवायूचे नियमन हे कारण आणि कुंडलिनीची जागृती हे त्याचे फळ, असा संबंध दिसतो.

दुसऱ्या टप्प्यात हा संबंध पालटतो. जागी झालेली शक्ती भुकेली असते. ती वायूला कवळते आणि देहातील सप्तधातू ग्रासू लागते. नाकपुड्यांतून बारा अंगुळे बाहेर जाणारा श्वासही ती आत ओढून घेते. तेव्हा वरचा प्राण आणि खालचा अपान यांच्यातील अंतर उरत नाही. इडा व पिंगळा या डाव्या-उजव्या नाड्या एकवटतात आणि सुषुम्ना या मधल्या मार्गाचे दार उघडते. पृथ्वी आणि आप ही दोन तत्त्वे भक्षण केल्यावर शक्तीची तृप्ती होते व ती सौम्य होऊन सुषुम्नेपाशी राहते. तृप्तीच्या भरात ती मुखावाटे जे गरळ टाकते, तेच अमृत होऊन प्राणाला जगविते, असे महाराज सांगतात. ज्या शक्तीने काही काळापूर्वी सारा देह गिळावयास घेतला होता, तीच येथे प्राणाची आई होते.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. शक्ती हृदयस्थानी येते. तेथे पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात आणि तेज वायूत विरते. त्या वेळी कुंडलिनी हे नावच गळून पडते व तिला मारुत, म्हणजे प्राणवायू, हे नाव प्राप्त होते. तिचे शक्तिपण मात्र शिवाशी ऐक्य होईपर्यंत शिल्लक असते. पुढे हा प्राण मस्तकातील ब्रह्मरंध्राच्या आकाशात प्रवेश करतो व अखेर तेही आकाश परब्रह्मात लय पावते. पिंडानेच पिंडाचा ग्रास करावा, हे जे नाथांचे गूढ, ते हेच असल्याचे महाराजांनी सूचित केले आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कुंडलिनी आणि प्राण या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत. निजलेली असताना जिला कुंडलिनी म्हणावे, तीच जागून शुद्ध झाल्यावर प्राण ठरते, आणि तोच प्राण शिवस्वरूपी मिळाल्यावर दोन्ही नावे संपतात. कुंडलिनी म्हणजे बाहेरून आणावयाची एखादी अलौकिक शक्ती, असा जो समज आढळतो, त्याला महाराजांच्या ग्रंथात आधार नाही. आपण घेत असलेला प्रत्येक श्वास त्याच शक्तीचा अंश आहे.

या मार्गात दूरदर्शन, दूरश्रवण, पाण्यावरून चालणे अशा सिद्धी साधकापुढे उभ्या राहतात, असेही महाराजांनी नमूद केले आहे. पण तेथे ते फार काळ थांबत नाहीत. वाटेवर लागलेले गाव म्हणजे मुक्काम नव्हे, हा विवेक त्यांच्या संपूर्ण विवेचनात आहे.

मांड्यांची कथा

आळंदीस परतल्यानंतरची एक कथा या विषयाशी जोडलेली आहे. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताबाई खापर आणण्यासाठी कुंभारवाड्यात गेल्या असता, विसोबा नावाच्या गृहस्थाने द्वेषाने कोणासही त्यांना खापर देऊ दिले नाही. मुक्ताबाई रडत घरी आल्या. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी प्रदीप्त केला, त्यांची पाठ तापलेल्या तव्यासारखी झाली आणि मुक्ताबाईंनी त्यावर मांडे भाजले. हे दृश्य पाहून विसोबा शरण आले. पुढे तेच विसोबा खेचर म्हणून प्रसिद्ध झाले व संत नामदेवांचे गुरू ठरले.

जी योगशक्ती मिळविण्यासाठी तपस्वी आयुष्य वेचतात, ती महाराजांनी या कथेत राजसभेत दाखविली नाही, वैऱ्याला शासन करण्यासाठीही वापरली नाही. धाकट्या बहिणीचे अश्रू पुसण्यासाठी आणि थोरल्या भावाच्या पानात चार मांडे वाढण्यासाठी ती खर्ची पडली. माउली हे नाव त्यांना का शोभते, ते येथे कळते.

चांगदेवांची भेट

तापीतीरी चांगदेव नावाचे महान योगी राहत. प्राणाचा निरोध करून, मृत्यूची वेळ आली की प्राण ब्रह्मांडी चढवून त्यांनी १४०० वर्षे आयुष्य राखले होते, अशी आख्यायिका आहे. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहावयास घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे न उमगल्याने त्यांनी कोरेच पत्र पाठविले. इतकी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असा अभिप्राय बाल मुक्ताबाईंनी दिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. तेच चांगदेव पासष्टी होय.

या पासष्टीत प्राणायामाचा वा कुंडलिनीचा पाठ नाही. पाहणारा, पाहावयाची वस्तू आणि पाहणे ही तिन्ही एकाच चैतन्याची रूपे आहेत, एवढेच महाराजांनी निरनिराळ्या दृष्टान्तांनी सांगितले. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीस आले. भावंडे भिंतीवर बसली होती. महाराजांनी ती निर्जीव भिंतच पुढे चालविली, अशी कथा आहे. चांगदेवांचा अभिमान गळाला व त्यांनी मुक्ताबाईंना गुरू केले. प्राण कोंडून आयुष्य वाढविता येईल, पण प्राण ज्याच्या सत्तेने चालतो त्याची ओळख झाल्यावाचून त्या आयुष्याचे सार्थक होत नाही, हा या प्रसंगाचा बोध आहे.

योगातून भक्तीकडे

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ज्यांनी योगाचा हा राजमार्ग इतक्या तपशिलाने वर्णिला, त्यांनी सर्वसामान्य जनांना नामस्मरणाची वाट का दाखविली? उत्तर ज्ञानेश्वरीतच आहे. बाराव्या अध्यायात महाराज योगमार्गाचे कष्ट सांगतात. इंद्रियांचा निग्रह, बंध, प्राणाचा निरोध हे सारे करून योगी जेथे पोहोचतो, तेथेच भक्त प्रेमाच्या बळावर सुखाने पोहोचतो. हरिपाठातही भावावाचून योगयागादी साधने फलद्रूप होत नाहीत, असा त्यांचा अभिप्राय आहे. ज्यांना समाजाने दाराबाहेर उभे केले होते, त्यांना दार उघडे ठेवण्याचे मोल ठाऊक होते. म्हणून योगाचे रहस्य त्यांनी मराठीत आणले आणि ज्यांना तो मार्ग झेपणार नाही, त्यांच्यासाठी नामाचा सोपान उभा केला.

नेवाशानंतर महाराजांनी अमृतानुभव हा स्वतंत्र ग्रंथ रचला. त्यात शिव आणि शक्ती यांचे अभिन्नत्व आरंभीच वर्णिले आहे. संत नामदेवांसह त्यांनी तीर्थयात्रा केली व पंढरीच्या वाळवंटात कीर्तनाचा सोहळा अनुभवला.

संजीवन समाधी

शके १२१८ (इ.स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, आळंदी येथे इंद्रायणीच्या तीरी, श्रीसिद्धेश्वराच्या सन्निध महाराजांनी संजीवन समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. संत नामदेवांनी समाधीच्या प्रसंगाचे अभंग रचले आहेत. गुरू व थोरले बंधू असलेल्या निवृत्तिनाथांनी त्यांचा हात धरून त्यांना आसनावर बसविले, शिळा लावली आणि ते शोकाकुल झाले. योग्याने प्राण स्वेच्छेने ब्रह्मरंध्री लीन करावा, असे जे महाराजांनी सहाव्या अध्यायात सांगितले होते, ते त्यांनी स्वतः आचरून दाखविले, असे भाविक मानतात. त्यानंतर अल्पावधीतच तिन्ही भावंडांनीही इहलोकीची यात्रा संपविली.

भाविकांसाठी

महाराजांच्या चरित्राशी संबंधित पुढील स्थळे दर्शनीय आहेत. आपेगाव येथे जन्मस्थान, नेवासे येथे पैस खांब, आळंदी येथे संजीवन समाधी, सुवर्णपिंपळ, अजानवृक्ष व चांगदेवभेटीची भिंत. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी, सोपानदेवांची सासवडला आणि मुक्ताबाईंची जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर परिसरात आहे. चांगदेवांची समाधी पुणतांबे येथे आहे. कार्तिक वद्य पक्षात आळंदीस समाधी सोहळ्याची मोठी यात्रा भरते.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचून काही भाविकांना प्राणायाम व बंध यांचा अभ्यास करण्याची ओढ वाटते. ही ओढ चांगली आहे, तथापि केवळ पुस्तक पाहून श्वास रोखण्याचे प्रयोग करू नयेत. आहार, निद्रा व आचार यांचा मिताचार आणि अनुभवी गुरूंचे मार्गदर्शन या दोन्हींची गरज परंपरेने सांगितली आहे. महाराजांना स्वतःसही हे ज्ञान निवृत्तिनाथांच्या कृपेने लाभले आणि ग्रंथभर त्यांनी सर्व श्रेय गुरूंनाच दिले. ज्यांना हा मार्ग शक्य नाही, त्यांनी खंत बाळगू नये. समाधीसमोर क्षणभर शांत बसावे, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाबरोबर नामाचा उच्चार करावा. निजलेल्या शक्तीला जागविणारा आणि जागलेल्या शक्तीचे अखेरचे नाव असलेला प्राण तो हाच, ही जाणीव माउलींनी मराठी माणसाला सातशेहून अधिक वर्षांपूर्वी दिली.

सर्व भाविकांवर श्रीज्ञानेश्वर माउलींची अखंड कृपा राहो, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.